तांबडी सुर्लाच्या वाटेवरील माकडफेरी

मार्च महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा गोव्यातील तांबडी सुर्ला परिसरातील सकाळच्या माकडफेरीला जाऊन आलो. दोन तरुण मिळून ही फेरी चालवतात. त्यांपैकी एकाने प्राणिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे. दुसरा त्याच पंचक्रोशीत वाढलेला वाटाड्या असून रानातले बहुतेक प्रत्येक झाड तो गावठी नावाने ओळखतो. सकाळी साडेसहा ते साडेदहा अशी चार तासांची वेळ, माणशी ८०० रुपये, त्यात चहा-न्याहारी आणि दोघांत मिळून एक दुर्बीण. गोव्यात पक्षी दाखवणाऱ्या फेऱ्या पुष्कळ आहेत, पण केवळ माकडांसाठी कोणी चार तास काढत असेल असे मला वाटले नव्हते, कारण आमच्याकडे माकडांचा विषय निघाला की तो नारळ, केळी आणि फुटलेली कौले यांच्यापाशीच संपतो. माझे मत आधीच सांगते : पैसे पूर्ण वसूल झाले, आणि ज्यांच्या घरात रंग ओळखण्यात अडचण येणारे मूल आहे त्यांनी तर ही फेरी चुकवू नये. एक दोष मात्र गंभीर आहे; त्याविषयी पुढे लिहिले आहे.

मी या फेरीला का गेले, हे सांगितल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. माझ्या मुलाला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. तो सहा-सात वर्षांचा असताना मे महिन्यात आम्ही आईच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, भिरंडां (कोकमाची फळे) काढायला जात असू, आणि तो दरवेळी टोपली भरून अर्धी कच्ची फळे आणी. लक्ष न देता तोडतो, असे समजून मी त्याला रागे भरत असे. पुढे डोळ्यांच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांमधले आकडे त्याला वाचता आले नाहीत, तेव्हा कारण कळले. हिरव्या पानांतले लाल भिरंड त्याला वेगळे दिसतच नव्हते; फळ दाबून आणि हुंगून पाहण्याची त्याची सवय हा चाळा नव्हता, तोच त्याचा मार्ग होता. त्या रागावण्याचे मला अजूनही वाईट वाटते. मधल्या काळात एका दुकानदाराने ‘हा चष्मा लावला की सगळे रंग दिसतील’ असे सांगून आम्हाला बराच महाग चष्मा विकला. असे चष्मे प्रकाशाचा काही भाग गाळून काही छटांतला विरोध वाढवतात, पण डोळ्यात नसलेली शंकुपेशी, म्हणजे रंग टिपणारी पेशी, ते निर्माण करू शकत नाहीत. स्पेनमधील ग्रानादा विद्यापीठाने २०१८ मध्ये केलेल्या चाचणीतही अशा चष्म्याने सामान्य रंगदृष्टी येत नसल्याचेच दिसले. तो चष्मा आता कपाटात पडून आहे. त्यामुळे फेरीच्या माहितीत ‘माकडांची रंगदृष्टी आणि कळपाचे पुढारपण’ हा विषय वाचला, तेव्हा दोन जागा राखून ठेवायला मी वेळ लावला नाही.

आम्ही आठ जण होतो. निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे केवळ माकडतापावर बोलणे झाले, आणि ते मला फार योग्य वाटले. हा आजार १९५७ साली कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला, गोचिडींमुळे पसरतो, माकडे आणि वानरेही त्याने मरतात, आणि २०१५ पासून आपल्या सत्तरी तालुक्यातल्या पाली भागात त्याचे रुग्ण आढळले. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम असल्याने मार्चमधली आमची फेरी नेमकी त्यात येत होती. सर्वांना पूर्ण बाह्यांचे कपडे सक्तीचे होते, पायांना आणि हातांना गोचिडी दूर ठेवणारे तेल लावले गेले, कुठेही पाल्यापाचोळ्यावर बसायचे नाही आणि मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वन खात्याला कळवायचे, हे नीट समजावले गेले. एका गृहस्थांनी केळी आणली होती, ती त्यांना नम्रपणे गाडीतच ठेवायला लावली. माणसाने खाऊ घातलेला कळप स्वतःच्या मनाने कुठे जातो हे कधीच पाहायला मिळत नाही, कारण तो माणसामागे जातो, असे त्याचे कारण देण्यात आले. तांबडी सुर्लाचे कदंबकालीन महादेवाचे देऊळ पाहायला येणारे लोक आवारातल्या माकडांना काय काय देतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे पटेल. आमची फेरी म्हणूनच देवळापासून दूर, रस्त्यापलीकडच्या रानाच्या कडेने होती.

पहिला कळप सात वाजण्याच्या सुमारास मिळाला. हा बॉनेट मकाक माकडांचा, म्हणजे डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखी केसांची टोपी असलेल्या, आपण गोव्यात ज्यांना खेती म्हणतो त्यांचा, वीस-बावीस जणांचा कळप होता. प्रत्येकाला एक नोंदपत्रिका आणि पेन्सिल मिळाली आणि काम एकच सांगितले गेले : हा कळप इथून उठून दुसऱ्या झाडावर जाईल तेव्हा पहिले पाऊल कोण टाकते आणि त्याच्यामागे किती जण जातात, एवढेच लिहायचे. आधी अंदाज लिहून घेतले. आठांपैकी सहा जणांनी ‘सर्वांत मोठा नर’ असे लिहिले होते. मीही त्यांत होते.

पुढच्या चाळीस मिनिटांत कळप तीनदा हलला. पहिल्यांदा एक तरुण नर वीसेक पावले पुढे गेला, थांबला, मागे वळून पाहिले, आणि कोणीच आले नाही म्हणून परतला. दुसऱ्यांदा पोटाशी पिल्लू धरलेली एक मध्यमवयीन मादी कोणतीही घाई न करता रस्त्याच्या कडेला आली, बसली, दोन मिनिटांनी पलीकडे गेली, आणि तिच्यामागे आधी दोन माद्या, मग पोरे, मग उरलेला कळप गेला. तो थोराड नर मधे कुठेतरी होता. तिसऱ्या वेळी दोन माद्या एकाच दिशेने निघाल्या आणि कळप लगेच उठला. आधी उठणे आणि आपल्यामागे कोणी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढारपण म्हणायचे ते दुसरीला, हे वाक्य प्राणिशास्त्र शिकलेल्या तरुणाने हे सगळे आम्ही स्वतः लिहून काढल्यानंतर उच्चारले. आधी तत्त्व सांगून मग उदाहरण दाखवण्यापेक्षा हा क्रम कितीतरी चांगला आहे.

त्याने लगेच हेही सांगितले की एका सकाळच्या तीन नोंदींवरून काहीच सिद्ध होत नाही. बॉनेट मकाकांत माद्या जन्मभर जन्मकळपातच राहतात, तिथल्या झाडांची ओळख त्यांच्यात आईकडून लेकीकडे जाते, म्हणून त्यांच्यामागे जाण्यात शहाणपण असू शकते. पण सगळ्या माकडांचे असेच असते असे नाही. नामिबियात केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चक्मा बॅबूनांचे, म्हणजे आफ्रिकेतल्या मोठ्या माकडांचे, कळप वरचढ नराच्या मागे मुद्दाम ठेवलेल्या अन्नाच्या जागी जात राहिले, जरी तिथे बहुतेकांच्या वाट्याला फारसे काही येत नव्हते. याउलट केनियातील म्पाला येथे ऑलिव्ह बॅबूनांच्या एका टोळीतल्या २५ जणांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून सेकंदागणिक त्यांची जागा नोंदवली गेली, आणि २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तिथे कोणाच्या मागे जायचे हे ठरताना वरचढांना विशेष वजन नव्हते : अधिक जण ज्या बाजूने निघतील त्या बाजूला इतर जात; दोन दिशांतला कोन लहान असेल तर मधली वाट धरत, आणि मोठा असेल तर दोहोंपैकी एक निवडत. ऱ्हीसस माकडांत कळप हलवणारे बहुधा वयस्क आणि वरच्या पायरीवरचे असतात, तर इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या टोंकीन मकाकांत ते काम जवळजवळ कोणीही करते. अशा चार-पाच उदाहरणांनंतर मला जे कळले ते असे, की ‘माकडांचा म्होरक्या’ हा शब्द आपण फार सहज वापरतो.

यानंतर उंबराखालचा भाग आला, आणि माझ्यासाठी तीच फेरी. आमच्याकडे रुमड म्हणतात त्या उंबराच्या खोडावर फळांचे घोस लगडले होते, काही हिरवे, काही पिकून तांबूस झालेले. तरुणाने आपला फोन फिरवला. त्यात असे एक साधन होते की समोरचे दृश्य लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या डोळ्याला कसे दिसेल ते पडद्यावर येते. सगळ्यांनी आळीपाळीने पाहिले. पिकलेली फळे खोडाच्या आणि पानांच्या रंगात विरून गेली होती. माझ्या मुलाची पाळी आली तेव्हा तो पडद्याकडे आणि झाडाकडे दोन-तीनदा पाहून म्हणाला, “दादा, दोन्ही सारखीच दिसतात. फोन सुरू आहे ना?” क्षणभर कोणी काही बोलले नाही. मी आठ वर्षे ज्याचा विचार करत होते ते मी त्या पडद्यावर पहिल्यांदा पाहिले होते : भिरंडाचे झाड त्याला कसे दिसत असेल. तरुणाने त्या प्रसंगाचा तमाशा होऊ दिला नाही. “फोन सुरू आहे. तू आम्हाला तुझा डोळा दाखवलास,” एवढेच तो म्हणाला आणि पुढे दक्षिण अमेरिकेकडे वळला.

ईशान्य पेरूच्या पर्जन्यवनात टॅमरिन नावाची, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाची माकडे राहतात. त्यांच्या दोन जाती, पाठीवर खोगिरासारखा पट्टा असलेली आणि पांढऱ्या मिशांची, एकत्र टोळी करून हिंडतात आणि फळझाडांकडे जातात. आपल्या डोळ्यात निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला विशेष प्रतिसाद देणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. टॅमरिनांत निळ्याची पेशी असतेच, पण हिरव्या-लाल भागासाठी एक्स गुणसूत्रावर एकच जनुक असते. त्या जनुकाची तीन रूपे टोळीत आढळतात, आणि ती सुमारे ५४३, ५५६ आणि ५६३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतात. नराकडे एक्स गुणसूत्र एकच, म्हणून त्याच्याकडे रूपही एकच. प्रत्येक नर दोन प्रकारच्या पेशींवर जग पाहतो. मादीकडे एक्स दोन. दोन्हींवर वेगवेगळी रूपे असतील, तर तिच्या डोळ्यातल्या काही पेशी एक रूप वापरतात, काही दुसरे, आणि तिला तीन रंगांची दृष्टी मिळते. दोन्हींवर तेच रूप असेल, तर तीही नरासारखीच पाहते. म्हणजे एकाच टोळीत, एकाच फांदीवर, रंगांच्या बाबतीत वेगवेगळी जगे पाहणारे सहा प्रकार असू शकतात.

मग प्रश्न असा : पिकलेले फळ दुरून ओळखणारी तीन-रंगी मादी टोळीला झाडाकडे नेते का? हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, हे ज्या पद्धतीने आम्हाला उलगडून दाखवले गेले ती दहा मिनिटे या फेरीतली सर्वांत मोलाची होती. तीन रंग पाहणारे सगळे प्राणी माद्याच असल्यामुळे एखादी मादी पुढे चालताना दिसली, तर ती डोळ्यांमुळे पुढे आहे की मादी असल्यामुळे, हे नुसते पाहून कळत नाही. टॅमरिन मादीला बहुधा जुळी होतात. ती गरोदर असते किंवा पाजत असते, पिल्लांना पाठीवर वागवण्याचे बरेच काम नर करत असले तरी दूध तिलाच तयार करावे लागते, आणि तिला भूक अधिक असणारच. म्हणून तीन-रंगी मादीची तुलना दोन-रंगी मादीशी करावी लागते, आणि कोणती मादी कोणत्या प्रकारची हे पकडल्याशिवाय ठरवायचे तर विष्ठा गोळा करून तिच्यातल्या डीएनएवरून जनुकाचे रूप ओळखावे लागते. संशोधकांनी ते केले. पाळीव टॅमरिनांवरील प्रयोगांत तीन-रंगी माद्या पिकलेल्या फळांच्या रंगाच्या वस्तू लवकर निवडतात असे दिसले. परंतु रानात दिशा ठरवताना आठवण, वास, वय, भूक आणि सोबत्यांची चाल हे सगळे असते, म्हणून ‘तीन रंग पाहणारी तीच पुढारी’ असा सोपा निकाल द्यायला आमच्या मार्गदर्शकाने नकार दिला. श्रोत्यांना असा निकाल आवडला असता, हे उघड होते. तो न देणे हे मी त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही गोष्ट समोरच्या खेतींना लागू नाही, हे त्याने स्वतःहून आणि ठासून सांगितले. आशिया-आफ्रिकेतली माकडे, वानरे, चिंपांझी-गोरिलांसारखे कपी आणि माणूस यांच्या पूर्वजात तीनेक कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याहून आधी ते एक जनुक दुप्पट झाले, त्यामुळे या सर्वांत नर काय आणि मादी काय, तीन रंग पाहणे हाच नेम आहे. रंगांध मकाक अगदी विरळ. इंडोनेशियातील पांगंदारान येथे असे मोजके नर सापडले आहेत. आमच्या सकाळच्या मादीमागे कळप गेला त्याचे कारण म्हणून तिचे डोळे पुढे करता येणार नाहीत. एवढ्यात पलीकडच्या कोशिंबावर काळ्या पायांची वानरे दिसली, आणि तीन रंगांचा उपयोग केवळ फळांसाठी नसावा हा मुद्दा तिथेच निघाला : मार्चमध्ये कोशिंबाची कोवळी पालवी लालभडक असते, आणि युगांडातल्या किबालेच्या रानात केलेल्या अभ्यासावरून काही संशोधक असे मानतात की हिरव्यातून अशी मऊ, पौष्टिक लालसर पाने ओळखणे हेच या दृष्टीचे मूळ काम असावे. वानरे ती पालवी ओरबाडून खात होती.

मी मधेच म्हणाले, की मग आमचे घर टॅमरिनांसारखेच आहे. माझ्या एका एक्स गुणसूत्रावरून मुलाला हे आले आणि मला स्वतःला सगळे रंग दिसतात. प्राणिशास्त्र शिकलेल्या तरुणाने माझी तुलना अर्धीच मान्य केली. माणसात लाल-हिरव्याची जनुके शेजारी शेजारी असतात, ती एकमेकांसारखी असल्याने जुळणीत चूक होऊन एखादे गळते किंवा बिघडते. मला रंग दिसतात ते माझ्या दुसऱ्या गुणसूत्रावर पूर्ण संच असल्यामुळे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना ही अडचण असते, स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. टॅमरिन नराचे काही गळलेले नाही. त्याची जातच तशी आहे. माझ्या मुलाने यातून एकच गोष्ट उचलली आणि घरी येईपर्यंत तीनदा बोलून दाखवली : असे एक रान आहे जिथे प्रत्येक नर त्याच्यासारखेच पाहतो, आणि टोळी नीट चालते.

परतीच्या वाटेवर माझ्या मुलाने एका किंजळीच्या खोडावर बसलेला पतंग सर्वांआधी दाखवला. आम्हाला तो बोट दाखवल्यावरही पटकन दिसला नाही. कोस्टा रिकातल्या सांता रोसाच्या रानात दोन-रंगी कॅपुचिन माकडे आसपासच्या रंगात मिसळून लपलेले किडे पकडण्यात तीन-रंगी सोबत्यांपेक्षा सरस ठरतात, कारण रंगांच्या गोंधळात न अडकता त्यांची नजर कड आणि पोत पकडते, हे त्या वेळी सांगितले गेले. एका पतंगावरून मुलाबाबत तसे म्हणता येत नाही, हेही. मुलाने २००९ सालच्या त्या प्रयोगाविषयी विचारले, ज्यात जन्मतः दोन-रंगी असलेल्या डाल्टन आणि सॅम या दोन खार-माकडांच्या डोळ्यांत माणसाचे जनुक सोडल्यावर काही महिन्यांनी ती लाल-हिरव्यातला फरक ओळखू लागली. उत्तर संयमाने दिले गेले : ते माकडांत झाले, माणसांसाठी ती उपचारपद्धती आज हाती नाही. आशा विकणाऱ्या दुकानदारानंतर असे उत्तर ऐकून मला बरे वाटले.

आता दोष. नोंदपत्रिकेवर नरासाठी हिरवे आणि मादीसाठी लाल वर्तुळ छापलेले आहे. रंगदृष्टीवरच्या फेरीत ही चूक व्हायला नको होती. माझ्या मुलाने पहिल्या दोन नोंदी चुकीच्या रकान्यात केल्या आणि तो गप्प झाला, आणि कारण माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मी ते सांगितल्यावर दोघांनीही मनापासून चूक मान्य केली, वर्तुळ आणि त्रिकोण असे आकार वापरण्याचे ठरवले, आणि तिथल्या तिथे पेनाने सर्व पत्रिकांवर तसे करून दिले. त्याखेरीज वाटेत स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, हे नोंदणीच्या वेळीच सांगायला हवे. आठ जण थोडे अधिक होतात. सहा असते तर कळप इतक्या लवकर लांब गेला नसता. न्याहारीची पातळभाजी-पाव गरम आणि उत्तम होती. दहा वर्षांखालच्या मुलांना इतका वेळ गप्प बसवणे अवघड जाईल, त्यांना नेऊ नये.

मे महिन्यात, भिरंडां पिकतात तेव्हा, हीच फेरी कुळागराच्या कडेने होणार आहे. आम्ही दोन जागा सांगून ठेवल्या आहेत. या वेळी टोपली मुलाकडे राहील आणि फळ कसे पारखायचे ते तो मला दाखवणार आहे.